चित्र दाखवा आणि गप्प बसा

आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत क्लबहाउसमध्ये रहिवाशांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं. प्रदर्शन म्हणजे काय, तर तीन दोऱ्या, डझनभर चिमटे आणि ज्याने जे आणलं ते. लहान मुलांचे बाप्पा, कुणी ट्रेकहून आल्यावर काढलेला राजगड, एका काकूंची मंडलं. तीन वर्षांपूर्वी या गर्दीत माझं एक अमूर्त चित्र होतं. दोन फूट बाय दोन फुटांचा कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग. तळाला गेरूसारखा तांबडा आणि त्यावर राखाडी-निळ्याचे पातळ हात. चिमट्याला पेलवेना म्हणून सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलं होतं.

आठवडाभर मी येता-जाता लोकांच्या तोंडाकडे बघत होते. "छान आहे हो." "रंगसंगती मस्त." "आपल्याला बाई मॉडर्न आर्टमधलं काही कळत नाही, पण छान आहे." सगळे प्रेमाने बोलत होते आणि माझ्या हाती काही लागत नव्हतं.

आठव्या दिवशी क्लबहाउसच्या छताची गळती बघायला वॉटरप्रूफिंगचं काम करणारे एक गृहस्थ आले. छत बघून झालं, जिना उतरले, आणि माझ्या चित्रासमोर थांबले. मला वाटलं, आता "छान" म्हणणार. ते म्हणाले, "ही ओल वरून आलेली नाही. आतून फुटलीय." मी विचारलं, कशावरून? त्यांनी हात न लावता, बोट वीतभर लांब धरून उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला. "वरून पाणी आलं असतं तर ओघळ दिसले असते. इथे ओघळ नाहीत, नुसते डाग आहेत. आतला रंग वर आलाय."

मी अगदी तेच केलं होतं. तांबडा अर्धवट वाळलेला असताना त्यावर राखाडी चढवला होता आणि ओल्या फडक्याने जागोजागी टिपून घेतला होता. खालचा रंग फुटून वर यावा, एवढीच त्या चित्रामागची कल्पना होती, आणि ती पन्नास रहिवाशांमधून एकानेही बोलून दाखवली नव्हती. या माणसाने दोन मिनिटांत पकडली. कारण त्यांना कुणी "चित्र कसं वाटलं?" असं विचारलंच नव्हतं. ते आपल्या सवयीने भिंत वाचत होते.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने असतात आणि पोरं त्यांत हटकून गल्लत करतात. 'परीक्षानळीत हायड्रोजन तयार झाला' हे निरीक्षणाखाली लिहून मोकळी होतात. अरे, हायड्रोजन तुला दिसला का? तुला दिसले बुडबुडे. जळती काडी जवळ नेलीस तेव्हा 'फट्' असा आवाज ऐकू आला. ते निरीक्षण. हायड्रोजन हे अनुमान. त्या वॉटरप्रूफिंगवाल्यांनी आधी अनुमान सांगितलं, आणि विचारल्याबरोबर निरीक्षण काढून दाखवलं. तुम्ही हौसेने अमूर्त चित्रं काढत असाल आणि ती चार लोकांना दाखवावीशी वाटत असतील, तर मला सांगायचं आहे ते एवढंच: लोकांकडून हे दोन्ही रकाने भरून घ्या. पुढचं सगळं त्याची कृती आहे.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असते. स्थिरचित्रात समोर घडा, दोन फळं आणि मागे पडदा. घड्याचं तोंड वाकडं आलं की सरांनी सांगण्याआधी आपल्यालाच कळायचं. अमूर्त चित्रात पडताळायला समोर घडा नसतो. चित्र जमलं की नाही हे एकट्याने ठरवताना माणूस एक तर स्वतःवर खूश होतो, नाहीतर सगळं फाडून टाकतो. म्हणून दुसऱ्याची नजर लागते.

पण ती मागण्याआधी आपली नजर वापरून घ्यावी. चित्र पूर्ण झालं असं वाटलं की आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग काढा आणि चारही बाजूंनी फिरवून पाहा. चित्रकार वासिली कांडिन्स्कीने आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहिला आहे. म्युनिकमधल्या स्टुडिओत तो संध्याकाळी परतला तेव्हा कातरवेळच्या उजेडात त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, नुसते आकार आणि रंग, विषय काय तो कळेना. जवळ जाऊन पाहतो तर त्याचंच चित्र, आडवं टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात त्याने तोच अनुभव पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, पण तो पुरता जमला नाही. आपल्याला यातून घ्यायचं ते साधं आहे. चित्र आडवं करा, उलटं करा, तिन्हीसांजेला दिवा न लावता पाहा, आरशात पाहा. वरची बाजू कुठली हे ठरलं की पाठीमागे पेन्सिलने बाण काढा, तारीख घाला, सही करा.

बाणाचं हसू नका. पीट मोंद्रियानचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं १९४१ मधलं चित्र. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ते १९८० पासून आहे. चित्रकाराच्या स्टुडिओचा एक जुना फोटो पाहताना तिथल्या क्युरेटरना शंका आली, आणि चित्र इतकी वर्षं बहुधा उलटं टांगलं जात असल्याचं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं. आता ते सुलटंही करता येत नाही, कारण पट्ट्या सुटतील अशी भीती आहे. जाणकारांची ही गत, तर आपल्या क्लबहाउसमधल्या उत्साही कार्यकर्त्यांचं काय घेऊन बसलात!

दाखवायला चित्रं किती न्यावीत? तीन. फार तर चार. वीस चित्रं मांडलीत की लोक चालायला लागतात, आणि चालणारा माणूस "छान" याखेरीज दुसरं काही बोलत नाही. माणसंही थोडीच बोलवा, पाच-सात. त्यात दोघे तरी असे असावेत ज्यांचा चित्रकलेशी संबंध नाही, पण ज्यांना आपल्या कामात बारीक बघावं लागतं. शिंपी, सुतार, एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ, भाजी निवडणारी मावशी. माझ्या अनुभवात कलाशिक्षकांपेक्षा हे लोक अधिक उपयोगी पडले. कलाशिक्षक समोर चित्र आलं की लगेच गुण द्यायला लागतात.

आता दाखवण्याची रीत. चित्र डोळ्याच्या पातळीला लावा, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नको, तिथे ॲक्रिलिक चकाकतं. लोक आले की प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी आणि पेन द्या आणि सांगा: तीन मिनिटं बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि दोन गोष्टी लिहायच्या. नजर आधी कुठे गेली? आणि तिथे काय दिसलं?

चिठ्ठीचा आग्रह मी उगाच धरत नाही. मोझॅइक टाइल्सच्या घरात वाढलेल्यांना ठाऊक असेल, फरशीत एकदा म्हातारा दिसला की तो आयुष्यभर तिथेच बसून राहतो. आपल्या मेंदूला डागांत चेहरे शोधायची खोडच आहे. लिओनार्दो दा विंचीने तर चित्रकारांना डागाळलेल्या भिंती मुद्दाम न्याहाळायला सांगितलं होतं, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतात म्हणून. पण पाच जणांच्या घोळक्यात एकाने मोठ्याने "घुबड!" म्हटलं की उरलेल्या चौघांचं चित्र तिथेच संपतं. प्रत्येकाला घुबडच दिसतं. तुम्हालाही. ते चित्र मग पुढची दहा वर्षं घरात 'घुबडाचं चित्र' म्हणून ओळखलं जातं. आमच्याकडे असं एक आहे.

चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. "मला खरं म्हणजे इथे वादळ दाखवायचं होतं, पण निळा जरा जास्त झाला" हे वाक्य ओठांवर येतं आणि गिळावं लागतं. तुम्ही वादळ म्हणालात की समोरचा सभ्य माणूस वादळच शोधणार. त्याला ते सापडलं नाही तरी "हो हो, दिसतंय की" म्हणणार. आपल्याकडे पाहुण्याने जेवणाला नावं ठेवायची नसतात, आणि चित्र दाखवणं हे लोकांना जेवायला वाढल्यासारखंच वाटतं.

शीर्षकाचंही तेच. शीर्षक हा प्रवेशद्वारावर लावलेला फलक असतो, तो वाचूनच माणूस आत येतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या कामाला अमूर्त म्हणायलाही राजी नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द त्यांना अधिक मान्य होता. त्यांच्या बहुतेक कॅनव्हासना नाव नाही. रोलरने लावलेला आणि पॅलेट नाइफने काढलेला रंग, आणि समोर तुम्ही. उलट सय्यद हैदर रझांनी 'बिंदू' म्हटलं की त्या एका शब्दाने बघणाऱ्याच्या मागे सगळं तत्त्वज्ञान उभं राहतं. दोघेही मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, दोघांचंही बरोबर. हौशी चित्रकाराने मात्र पहिल्या वेळी शीर्षक लपवावं. चिठ्ठ्या जमल्या की सांगावं आणि विचारावं: आता काही बदललं का? शीर्षक ऐकल्यावर चेहरे पडले तर ते शीर्षक चित्रापेक्षा लहान आहे. 'अंतर्मनाचा प्रवास', 'अनंताकडे' अशी नावं तर नकोतच. ती कुठल्याही चित्राला चिकटतात.

फोनवर दाखवायचं असेल, कारण मुलगा बोस्टनला आणि मैत्रीण रत्नागिरीला, तर थोडी मेहनत घ्या. चित्र सावलीत पण दिवसाच्या उजेडात ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन चित्राला समांतर धरा. एक फोटो पूर्ण चित्राचा, एक बाजूने उजेड घेऊन पोत दाखवणारा, आणि एक असा की ज्यात शेजारी तुमचा हात दिसतो, म्हणजे आकार कळतो. फोनच्या पडद्यावर पोस्टकार्ड आणि चार फुटी कॅनव्हास सारखेच दिसतात. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर आकसून त्यातल्या बारीक छटा जातात. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे अंगठे येतात, फुलं येतात, कुणाचा तरी शुभ सकाळचा सूर्य येतो. एकेकाला वेगळं पाठवा, प्रश्नासकट.

चिठ्ठ्या हातात आल्या की खरं काम सुरू होतं. मी एक शंभर पानी वही केली आहे. डाव्या पानावर चित्राचा छोटा प्रिंट, त्यावर पेन्सिलने फुल्या: कुणाची नजर कुठे गेली. उजव्या पानावर दोन रकाने. लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, सुधारायचे नाहीत. चित्रकार प्रभाकर बरवेही सतत डायऱ्या लिहीत असत. अर्थात त्यांच्या डायऱ्या कुठे आणि माझी वही कुठे. पण लिहिल्याशिवाय ऐकलेलं टिकत नाही, आणि टिकतं ते फक्त कौतुक.

एक उदाहरण देते. पिवळसर पांढऱ्या पार्श्वभूमीचं एक चित्र होतं. डावीकडे वर मी एक काळा त्रिकोण काढला होता, खरं सांगायचं तर खालचा चुकार डाग झाकायला. सात चिठ्ठ्या आल्या. एकीत 'कावळा'. एकीत 'भिंतीला पडलेलं भोक'. एकीत 'कुणीतरी पाठमोरं उभं आहे'. एकीत 'छत्री'. एकीत नुसतं 'काळं का?' उरलेल्या दोघांना खालची पट्टी दिसली होती. कावळा, भोक, माणूस, छत्री ही अनुमानं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवायच्या मागे मी लागले नाही. पण निरीक्षणाच्या रकान्यात पाच जण एकाच जागी थांबले होते. म्हणजे झाकायला काढलेली गोष्टच चित्राची मालकीण होऊन बसली होती. हे माझ्या लक्षात महिनाभर आलं नव्हतं.

मग काय करायचं? पुसायचं? घाई नको. काळ्या त्रिकोणावर पार्श्वभूमीच्याच रंगाचा कागदाचा तुकडा धरून पाहिला. चित्र लंगडं झालं. तुकडा काढला, पुन्हा धडधाकट. त्रिकोण मी ठेवला, त्याच्या कडा तेवढ्या सैल केल्या. पुढच्या वेळी 'भोक' म्हणणारं कुणी निघालं नाही. कागदाचा तुकडा धरून बघणं ही हौशी चित्रकाराजवळची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती आहे.

एकाच जागेबद्दल अनेक जण बोलले, मग काहीही बोलोत, तर ती गोष्ट बहुधा चित्राची आहे. एकट्यानेच पाहिलेली गोष्ट बहुधा त्या माणसाची आहे. दोन्ही जपून ठेवाव्यात, पण ब्रश उचलावा तो पहिलीसाठी.

दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी कधी कधी जड असतात. एकदा एका बाईंनी चिठ्ठीत लिहिलं, 'आयसीयूच्या काचेतून आत बघतोय तसं.' खोलीत कुणी ते मोठ्याने वाचलं असतं तर पंचाईत झाली असती. मी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली आणि काही विचारलं नाही. जाताना त्यांनीच विचारलं, "तो पांढरा तुम्ही आधी लावलाय की शेवटी?" शेवटी, मी म्हटलं. त्या मान हलवून गेल्या. अशा वेळी चित्रकाराने "नाही हो, तो तर धुक्याचा पांढरा आहे" असं म्हणू नये, आणि उपस्थितांनी मानसशास्त्र काढू नये. स्विस मानसोपचारतज्ज्ञ हर्मन रोरशाख यांनी १९२१ मध्ये शाईच्या दहा डागांची चाचणी प्रसिद्ध केली तेव्हापासून लोकांना वाटतं की डाग दाखवला की मन उघडतं. ती चाचणी वापरायला रीतसर प्रशिक्षण लागतं. कुणाला काळा दिसला म्हणून तो निराश आहे आणि तुम्ही लाल वापरला म्हणून तुम्ही चिडका आहात, हे निष्कर्ष चहाबरोबर काढायचे नसतात.

तुम्ही कधी दुसऱ्याचं चित्र बघायला जालच, तेव्हा हे उलट बाजूने पाळा. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी कलाकाराला अभिप्राय देण्याची चार टप्प्यांची एक पद्धत बसवली आहे. आधी बघणारे आपल्याला काय भिडलं ते सांगतात, मग कलाकार त्यांना प्रश्न विचारतो, मग बघणारे कलाकाराला प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडलेलं नसावं, आणि शेवटी मत द्यायचं ते परवानगी घेऊन. "हा कोपरा इतका रिकामा का ठेवलात?" हा प्रश्न नाही, टोमणा आहे. "हा कोपरा ठेवताना तुमच्या मनात काय होतं?" हा प्रश्न. आपल्याकडे परवानगी मागून मत देणं जरा परकं वाटतं, सल्ला हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. पण "मला एक सुचतंय, सांगू का?" एवढं म्हणायला काही लागत नाही. आणि समोरच्याला 'नको' म्हणायची मुभा द्या. चित्र ओलं असताना सल्ला ऐकला की चिखल होतो.

"हे तर माझा नातूही काढेल" असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. वाद घालू नका, म्हणा, "मग त्याला घेऊन या." मी खरंच म्हटलं होतं, आणि ते आजोबा पुढच्या रविवारी नातवाला घेऊन आले. सहा वर्षांचा. तो चित्राच्या अगदी जवळ गेला, खालच्या काठावर नाक नेलं आणि विचारलं, "इथे रंग संपला होता का?" संपला होता. ट्यूब पिळून पिळून मी तो हात शेवटपर्यंत ओढला होता आणि लोकांना ते पोत वाटेल अशी समजूत करून घेतली होती. इतर कुणी बोललं नव्हतं.

काही वेळा ऐकूनही काही मिळत नाही. सात चिठ्ठ्या, सात दिशा, फुल्या सगळीकडे विखुरलेल्या. त्याचा अर्थ चित्र गहन आहे असा घेण्याचा मोह होतो. बहुतेकदा चित्रात नजर थांबायला जागाच नसते. मी अशी चित्रं कपाटामागे ठेवते आणि सहा महिन्यांनी त्यावर दुसरं काढते. कॅनव्हास महाग झालेत.

चित्र दाखवायचा बेत ठरवायला प्रदर्शनाची, गॅलरीच्या तारखेची वाट पाहायला नको. येत्या रविवारी एकच चित्र भिंतीला लावा, मागचा बाण तपासा, पाच जणांना बोलवा आणि चिठ्ठ्या आधीच कापून ठेवा. चहा मात्र चिठ्ठ्या लिहून झाल्यावरच आणा. आधी आणलात तर सगळे "छान" म्हणतील.